निंगनिंगचा घसा

थोरल्या डॉक्टर क्वोंना त्यांच्या तिथीला माशाची गाभोळी लागते, आणि तीही कडेने जराशी करपलेली. जिवंतपणी ते तशीच खात, त्यामुळे गेल्यावरही तशीच ठेवायची याबद्दल घरात दुमत नाही. दुमत असतं ते कोणी करपवायची याबद्दल. दरवर्षी अमा हे काम थोरल्या सुनेला सांगायची, थोरली सून गाभोळीचा कोळसा करून ठेवायची, आणि मग धाकटी पीशान येऊन दुसरी भाजायची. या वर्षी मात्र थोरली स्वयंपाकघराकडे फिरकलीच नव्हती. पीशान आपलं न्याहारीचं दुकान बंद करून, अंगाला अंड्याच्या पोळ्यांचा वास घेऊन जिना चढून आली, तेव्हा थोरली युनरू बैठकीतल्या बाकावर वाकून निंगनिंगच्या तोंडात मोबाइलचा उजेड पाडत होती.

"परत?" पीशानने हातातली पिशवी दारातच सोडली.

"आ कर. अजून मोठा. शाब्बास." युनरूने उजेड बंद केला. "काल संध्याकाळपासून ताप आहे. तुला कोणी कळवलं नाही?"

"कळवून काय करणार होती?" स्वयंपाकघरातून अमाचा आवाज आला. सासूबाईंना निंगनिंगच्या बरोबरीने आता सगळं घर अमाच, म्हणजे आजी, म्हणायचं. "दुकान बंद ठेवणार होती? तिची गिऱ्हाइकं उपाशी मेली असती."

पहाटे बंदरावरच्या माणसांसाठी दुकान उघडावं लागतं, म्हणून सहा वर्षांची निंगनिंग बाळपणापासून अमाच्या कुशीत झोपत आली होती. हे उपकार आहेत हे पीशानला मान्य होतं, आणि अमा ते विसरू देत नव्हती हेही तिला मान्य करावं लागत होतं. गेल्या वर्षी पोरीला गोड किती द्यावं यावरून ती एकच वाक्य बोलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अमाने निंगनिंगला कपड्यांच्या पिशवीसकट दुकानात आणून बसवलं होतं. "घे बाई, तुझी लेक, तुझ्या पद्धतीने वाढव." आठवडाभर निंगनिंग तापलेल्या तव्याशेजारी स्टुलावर बसून पेंगत होती. पुन्हा तोंड उघडायचं नाही हे तेव्हाच पीशानने ठरवून टाकलं होतं.

तिने मुलीच्या पोटावरून हात फिरवला. बारीक पुरळ, खरखरीत. जीभ लालभडक आणि दाणेदार.

"घशाची पट्टी लावून पाहिली मी," युनरू म्हणाली. "दोन रेघा आल्या. गेल्या पंधरवड्यात होते तेच जंतू."

"तेच कसे असतील?" देवघराच्या टेबलापाशी उदबत्त्या पेटवत असलेले सासरे वळले. डॉक्टर क्वो छुंगरेन. थोरल्या डॉक्टरांचा मुलगा, आणि वडिलांच्या मागे एकतीस वर्षं खालच्या मजल्यावर मुलं तपासणारा माणूस. "गेल्या वेळचे मी मारले की. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पोर पळायला लागली. हे नवीन आहेत. शाळेतून आणलेत."

"शाळेतून आणले असतील, बाबा. पण मला तसं वाटत नाही."

"मग तुला काय वाटतं?"

युनरू थोरल्या मुलाची बायको. थोरला वेइलुन कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, उत्तरेला. महिन्यातून एकदा येतो आणि झोपून परत जातो. युनरूने मात्र तैपेईच्या मोठ्या इस्पितळातली मुलांच्या डॉक्टरची नोकरी सोडली आणि ती तुंगकांग बंदरात सासऱ्यांच्या दवाखान्यात येऊन बसली. आठवड्यातले तीन दिवस ती, तीन दिवस ते. बाहेरच्या पाटीवर नाव अजून एकट्या सासऱ्यांचंच होतं, आणि तिने तपासलेली मुलं घेऊन लोक दुसऱ्या दिवशी हळूच सासऱ्यांकडे येतात हे तिला ठाऊक होतं.

"मला वाटतं, दहा दिवस अमॉक्सिसिलिन द्यावं," ती म्हणाली. "नुसतं तेवढंच. त्यात दुसरं काही कुटायचं नाही."

"दहा दिवस!" डॉक्टर हसले. "अगं, इथली माणसं बोटीवर जातात, दहा दिवसांत जपानच्या समुद्रात जाऊन येतात. इथे कोण कोणाला दहा दिवस औषध पाजतंय? म्हणून तर पुडी आहे."

पुडी म्हणजे क्वोंची पुडी. बंदरात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तापाचं, सर्दीचं, पोट सांभाळणारं आणि जंतूंचं अशी चारही औषधं एकत्र कुटून, चिमूटभर साखर घालून थोरल्या डॉक्टरांनी कागदाच्या पुड्या बांधायला सुरुवात केली. धाकट्या डॉक्टरांनी कुटायला यंत्र आणलं, बाकी काही बदललं नाही. तीन दिवसांच्या पुड्या द्यायच्या आणि सांगायचं, तिसऱ्या दिवशी परत दाखवा. तीन पिढ्या ही पुडी पाण्यात कालवून मोठ्या झाल्या होत्या.

"या वेळी जरा जोरकस देतो," डॉक्टर म्हणाले. "अझिथ्रोमायसिन. दिवसाला एक, तीन दिवस, खेळ खलास. तुझं ते अमॉक्सिसिलिन गेल्या वेळी पुडीत होतंच. हरलं ना?"

"अमॉक्सिसिलिनला हरवणारा हा जंतू अजून कोणी पाहिलेला नाही, बाबा. अझिथ्रोला मात्र आपल्याकडे ते जुमानत नाहीत. सगळे नाही, पण भरवसा नाही. तुम्हाला लवकर संपवायचंच असेल तर ते पाच दिवसांचं सेफॅलोस्पोरिन आहे. त्यानेही होतं. पण महाग, आणि उगाच मोठी तोफ. नाहीतर मग कुल्ल्यात पेनिसिलिनची एकच सुई."

सुई म्हटल्याबरोबर निंगनिंग आईच्या पदराआड, म्हणजे दुकानाच्या ॲप्रनआड गेली.

"काहीतरीच! सुई आणि पोरीला?" अमा पळी घेऊनच बाहेर आली. "तुम्ही पुडी द्या हो. तीन दिवसांची पुडी बरी. जास्त दिवस ती औषधं पोटात गेली की आतडी खराब होतात."

वेइचेने, म्हणजे पीशानच्या नवऱ्याने, बैठकीतला पंखा खाली घेतला आणि त्याचे स्क्रू काढायला सुरुवात केली. वडील आणि वहिनी औषधांवर बोलू लागले की घरातली एक तरी वस्तू दुरुस्त व्हायची.

"बाबा, एक विचारू?" युनरूचा आवाज चढला नव्हता, पण तिने मोबाइल खाली ठेवला होता. "तिसऱ्या दिवशी परत या म्हटलं की दहातली किती मुलं येतात?"

"चार. फार तर पाच."

"आणि बाकीची?"

"बरी होतात! बरी होतात म्हणून येत नाहीत."

"ताप उतरतो म्हणून येत नाहीत. बरी झाली असं आपण धरून चालतो."

डॉक्टरांनी उदबत्त्या वडिलांच्या तसबिरीपुढे खोचल्या. "मी खाली जाऊन पुड्या बांधतो," ते म्हणाले. "तुम्ही तोवर वाढून घ्या. बाबा ताटकळलेत."

पीशान गाभोळी भाजायला उभी राहिली. तव्यावर हात चालत होता आणि डोळे वरच्या फळीवर गेले होते. तिथे बिस्किटांचा निळा डबा होता आणि त्यात गेल्या पंधरवड्यातल्या पुड्या होत्या. तिने स्वतः पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि अमाने पुड्या डब्यात टाकल्या. ताप नाही तर तापाची पुडी कशाला? सासरे रोज विचारायचे, पुडी घेतली का? अमा म्हणायची, घेतली. आणि पीशान तिथेच उभी असायची.

*

खाली दवाखान्यात शटर अर्धं ओढलेलं होतं. डॉक्टर क्वोंनी कुटायच्या यंत्राचं झाकण उघडलं. आत जुन्या साखरेचा गोडसर वास होता. या वासावर त्यांचं प्रेम होतं आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटायची नाही.

सून वाईट नव्हती. हे ते मनातल्या मनात रोज म्हणायचे. तिचा हात हलका होता, मुलं तिच्यापुढे रडत नसत. पण ती बोलायची ते जणू कोणी नकाशावरून गाव दाखवावं तसं. या बंदरात माणसांना धरून ठेवावं लागतं. दहा दिवसांचं औषध एकदम हातात दिलं की ते डॉक्टरचं तोंड पुन्हा बघत नाहीत. तीन दिवसांच्या पुडीने ते बांधले जातात. निदान आजपर्यंत ते असं समजत आले होते.

चार. फार तर पाच. हे त्यांनी आपल्याच तोंडाने सांगितलं होतं.

"किती दिवसांच्या बांधतोयस?"

मागच्या खोलीच्या दारात त्यांची मोठी बहीण उभी होती. युएश्याताई. मुलांची आत्या. लग्न केलं नाही, म्हणजे ठरलेलं मोडलं, आणि तेव्हापासून दवाखान्यामागच्या याच खोलीत राहिली. पन्नाशीत तिच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. खोली शांत असली की ती टिकटिक ऐकू यायची. निंगनिंग तिच्या छातीला कान लावून बसायची आणि आत्याआजीच्या पोटात घड्याळ आहे असं शाळेत सांगायची.

"तीन दिवसांच्या," डॉक्टर म्हणाले. "तू जिन्यावरून उतरलीस? मला हाक मारायची होतीस ना."

"वर फार औषधं चालली होती. मला भूक लागलीय." ती रुग्णांच्या बाकावर बसली. "थोरली काय म्हणतेय?"

"दहा दिवस."

"बरोबर म्हणतेय."

डॉक्टर हसले. "तू कधीपासून मुलांची डॉक्टर झालीस?"

"मी कशाला होऊ? मी मूल होते." ताईने पाय लांब केले. घोटे सुजलेले होते. "माझा घसा धरला होता ते तुला आठवत नसेल. तू चार वर्षांचा होतास, मासे मोजत फिरायचास."

"घसा? तुला तर आधी सांधे धरले होते."

"त्याच्या आधी घसा. बाबांनी पेनिसिलिन मागवलं होतं काउश्यूंगहून. तेव्हा ते रोज टोचावं लागायचं. सुई ही एवढी. दोन दिवस टोचली, ताप उतरला. तिसऱ्या दिवशी मी पलंगाखाली जाऊन बसले आणि किंचाळले. आई म्हणाली, टोचा. बाबा खाली वाकले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, राहू दे, पोर बरी झालीय. मला बाहेर काढलं आणि बर्फाचा गोळा खायला नेलं." ती थांबली. "पुढच्या महिन्यात गुडघे सुजले. मग छाती."

यंत्राचं झाकण डॉक्टरांच्या हातातच राहिलं. ताईची झडप म्हणजे त्या काळी औषधं नव्हती याचा पुरावा, असं ते आजवर सगळ्यांना सांगत आले होते. औषध काउश्यूंगहून येऊन घरात पडलेलं होतं.

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? डॉक्टर झालास, तुला सगळं माहीतच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, नेहमीची चेष्टा होती. "बाबा मेले त्या वर्षी माझ्यापाशी बसून रडले. म्हणाले, तुझ्या रडण्याला मी भुललो. मी म्हटलं, बर्फाचा गोळा छान होता."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, फक्त पाठ वळवली आणि अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या परत डबीत टाकल्या.

"चल," ते म्हणाले. "माझा हात धर."

*

वर अमा वेगळ्याच अडचणीत होती. पितर जेवले की नाही हे विचारल्याशिवाय ताटं उचलता येत नाहीत. दोन नाणी हातात घेऊन, मनात विचारून जमिनीवर टाकायची. एक उलटं एक सुलटं पडलं तर हो. दोन्ही उलटी पडली तर नाही. आणि दोन्ही सुलटी पडली तर पितर हसतायत, म्हणजे प्रश्न नीट विचार.

थोरले डॉक्टर सकाळपासून हसतच होते.

"बाबा, जेवण झालं का?" दोन्ही सुलटी. "बाबा, गाभोळी पीशानने भाजलीय, गोड मानून घ्या." पुन्हा सुलटी.

"आजोबा आज फार खुशीत आहेत," वेइचे पंख्याच्या पात्यामागून म्हणाला.

"तू गप्प बस. त्यांना पोरीची काळजी आहे." अमाने नाणी कपाळाला लावली. तिचा या नाण्यांवर जेवढा विश्वास होता तेवढा नवऱ्याच्या पदवीवरही नव्हता. "बाबा, निंगनिंगला पुडी द्यायची का?"

दोन्ही सुलटी.

"मग थोरलीचं दहा दिवसांचं?"

एक नाणं गडगडत बाकाखाली गेलं. निंगनिंगने वाकून पाहिलं आणि सांगितलं, "आकडा वर आहे, अमा." दुसऱ्याचाही आकडाच वर होता, म्हणजे परत सुलटीच. युनरूने ओठ दाबून हसू आवरलं. ते अमाने पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर बहिणीला धरून आत आले. "त्यांना काय विचारतेस, वहिनी?" आत्या धापा टाकत खुर्चीत बसली. "या बाबतीत बाबा कच्चे होते."

"असं बोलू नये वन्सं, आजच्या दिवशी."

"पुडी नाही," डॉक्टर म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "अझिथ्रो पण नाही. युनरू, तू म्हणालीस ती एकच सुई देऊ. दाट पेनिसिलिनची. एकदा टोचली की झालं. आत गेलेलं औषध कोणी बाहेर काढू शकत नाही."

निंगनिंगने रडायला सुरुवात केली. घसा दुखत असल्यामुळे ते रडणंही नीट होईना.

युनरू चपापली. सासरे आपल्या बाजूला इतके येतील आणि पुढे निघून जातील याची तिला कल्पना नव्हती. "माझी ना नाही, बाबा. चांगलंच औषध आहे ते. पण दोन दिवस लंगडेल. तोंडाने दिलेलं औषध तेवढंच काम करतं. पूर्ण दिलं तर."

"पूर्ण दिलं तर! तेच तर. लोक मधेच थांबवतात."

"लोक थांबवतात," अमा घाईने म्हणाली. "हे डॉक्टरचं घर आहे. इथे कोण थांबवणार आहे?"

म्हणाली खरी, पण तिचे कान तापले होते. डबा फळीवर होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तिने काय वाईट केलं होतं? पोर हसत होती, भात खात होती. स्वतःच्या दोन्ही मुलांना तिने असंच वाढवलं होतं, नवऱ्याला न सांगता. आजवर काही झालं नव्हतं. आज मात्र पोर रडत होती आणि नवरा सुई काढायला निघाला होता.

"मी थांबवलं."

पीशान स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात तो निळा डबा. "गेल्या वेळी ताप उतरल्यावर मी पुड्या दिल्या नाहीत. या बघा. सगळ्या आहेत. औषध हरलं नाही, बाबा. ते पोटात गेलंच नाही. म्हणून आता जोरकस काही देऊ नका आणि सुईही टोचू नका. माझ्या चुकीसाठी तिला कशाला?"

वेइचेच्या हातून स्क्रू पडला. डॉक्टरांनी डब्यातली एक पुडी उचलली. कागदाची घडी त्यांच्याच हातची होती.

"माझी पुडी," ते म्हणाले. "माझ्या घरात."

अमाने धाकट्या सुनेकडे पाहिलं. बोलून मोकळी झाली होती, आणि मान खाली घालून उभी होती, तव्याचे चटके खाल्लेले हात डब्याभोवती धरून. आता गप्प राहिलं तर निभावून जाणार होतं. पोरगीच निभावून नेत होती.

"खोटं बोलतेय ती," अमा म्हणाली. "मी थांबवलं. तिला कुठे वेळ असतो पुड्या थांबवायला? पहाटेच जाते ती." मग एकदम नवऱ्यावर उसळली. "आणि तुम्ही काय असे बघताय? इतकी वर्षं तुम्हीच सांगितलंत ना, ही तापाची पुडी? ताप गेला, पुडी ठेवून दिली. त्यात आणखी काय काय कुटलंय ते मला कधी सांगितलंत? कोणाला तरी सांगितलंत?"

डॉक्टरांनी पुडी परत डब्यात ठेवली. सांगितलं नव्हतं. वडिलांनीही सांगितलं नव्हतं. चार औषधं एका कागदात गेली की आईबापांना एकच औषध दिसतं, आणि ते तापाचं असतं. ताप गेला की चारही औषधं डब्यात. हे इतकं सरळ होतं की ते आजवर आपल्या लक्षात आलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

युनरूला आता जिंकता आलं असतं. मोबाइल, आकडे, सगळं तिच्यापाशी होतं. तिने सासऱ्यांसमोर खुर्ची ओढली. "बाबा, औषध तुम्ही योग्यच निवडलं होतं. मी देणार तेही तेच आहे. फक्त ते वेगळं बांधू या. तापाचं वेगळं, ताप असेल तेव्हा घ्यायला. आणि हे एकटं, दहा दिवस, दिवसातून एकदाच. तिचं वजन पाहून एकदाच पुरतं."

"कोण देणार रोज?" डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांनी जे केलं ते या घरात आजवर झालं नव्हतं. ते धाकट्या सुनेकडे वळले. "पीशान, लेक तुझी आहे. सुई की दहा दिवस? तू सांग."

निंगनिंगला उचलून दुकानात न्यावं, रोज सकाळी आपल्या हाताने पाजावं, म्हणजे कोणावर विसंबायला नको; हे पीशानच्या मनात येऊन गेलं. आज ती तसं म्हणाली असती तर कोणी अडवलं नसतं, अमाने तर नाहीच.

"दहा दिवस," ती म्हणाली. "आणि देतील अमा."

"मी?" अमाचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्यावर सोडतेस?"

"तुमच्या हातून ती कडू कारलंही खाते. माझ्या हातून दूध पीत नाही."

अमाने पळी टेबलावर ठेवली आणि पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. "ताप उतरला तरी द्यायचं?"

"उतरला तरी," युनरू म्हणाली.

"पळायला लागली तरी?"

"पळाली तरी पकडून, अमा."

"पोट बिघडलं तर?"

"तर मला हाक मारा. मधल्या मधे डबा उघडू नका."

"बरं बोलतेस गं तू," अमा नाक ओढत म्हणाली, पण त्यात धार नव्हती. तिने नाणी उचलली, काही न विचारताच टाकली. एक उलटं, एक सुलटं. "झालं जेवण त्यांचं," ती म्हणाली. "चला, बसा. सगळं गार झालं."

आत्याने पहिली गाभोळी स्वतःच्या वाडग्यात घेतली. निंगनिंगला पेज मिळाली आणि पेजेनंतर गुलाबी औषधाचा पहिला चमचा. तो अमाने दिला, बाटली दोनदा हलवून, चमचा उजेडात धरून. पीशान तोवर पलीकडे बघत बसली, मुद्दाम.

जेवणं झाल्यावर पाटीचा विषय निघेल असं युनरूला वाटत होतं. तो निघाला नाही. सासरे भांड्यांचा आवाज चालू असतानाच खाली गेले. थोड्या वेळाने ती तापाच्या औषधासाठी पुड्यांचे रिकामे कागद आणायला खाली उतरली, तेव्हा शटर तसंच अर्धं होतं आणि ते टेलिफोनपाशी बसले होते. चष्मा कपाळावर. डोळे मिटून ते पुटपुटत होते. सोमवारी जाळीवाल्याचा धाकटा, टॉन्सिल सुजलेले. मंगळवारी युनरूकडून आलेली जुळी. बुधवारी मासळी बाजाराच्या मागची ती दात पडलेली मुलगी. त्यांना मुलं नावांनी नाही, घशांनी आठवायची.

"बाबा, कॉम्प्युटरवर काढून देऊ?"

"नंबर तेवढे काढ. जे परत आले नाहीत त्यांचेच." त्यांनी डोळे उघडले. "आणि इथे बस. मला बोलता आलं नाही तर तू बोल."

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पहिला नंबर लागायला वेळ लागला. पलीकडे बंदराचा गोंगाट होता, कोणीतरी ओरडत होतं, मग एका बाईचा आवाज आला, घाबरलेला. डॉक्टर स्वतः फोन करतात असं या गावात कोणाचं तरी वाईट झाल्याशिवाय होत नसे.

"मी डॉक्टर क्वो," ते म्हणाले. "तुमचा धाकटा कसा आहे? ... ताप नाही? ... खेळतोय?" त्यांनी युनरूकडे पाहिलं आणि फोन घट्ट धरला. "नाही, नाही, काही झालेलं नाही. खेळतोय म्हणूनच फोन केला."